ओसाड हवेली आणि प्रेक्षकांचा कौल

मुंबईहून सवाई माधोपूरमार्गे जयपूरला जाणाऱ्या प्रवाशाला राजधानीच्या अगदी अलीकडे दुर्गापुरा हे स्थानक लागते. टोंक मार्गालगतच्या या उपनगरात शेतकी संशोधनाची संस्था आहे, नव्या वसाहती आहेत, बाजार आहे. भुताने वस्तीला यावे असे तेथे फारसे काही नाही. परंतु दुर्गापुऱ्याहून निघून सारे जयपूर ओलांडावे आणि सीकरच्या रस्त्याने उत्तरेकडे तीसेक किलोमीटर जावे, म्हणजे चौमू हे गाव लागते. तेथे नाथावत सरदारांची गढीवजा हवेली उभी आहे. सरदारकी गेली, हवेलीचे हॉटेल झाले. पण देशभरच्या लोकांना तिची ओळख झाली ती या इतिहासामुळे नव्हे. २००७ साली प्रियदर्शन यांनी ‘भूलभुलैया’ या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण येथे केले, आणि पडद्यावर या दालनांतून मंजुलिका नावाच्या एका नर्तकीचे पैंजण वाजू लागले. त्या दिवसापासून ही हवेली भुताची हवेली म्हणून प्रसिद्ध झाली.

झपाटलेल्या घराचा चित्रपट पाहून माणसे बाहेर पडतात, तेव्हा त्यांचे तीन तट पडलेले असतात. एक म्हणतो, ‘भीती वाटली, पैसे वसूल झाले.’ दुसरा म्हणतो, ‘शेवटी भूत खोटेच निघाले, आम्हांला फसवले.’ तिसरा कपाळाला आठ्या घालून म्हणतो, ‘अशा चित्रपटांनी लोकांची अंधश्रद्धा वाढते.’ ही तिन्ही मते आजची नाहीत. आपल्याकडे ओसाड हवेली पडद्यावर आली तेव्हापासून ती चालत आली आहेत. आणि या मतांचा इतिहास चाळून पाहिला, तर चित्रपटांपेक्षाही समाजाविषयी त्यातून अधिक कळते.

यांपैकी पहिल्या दोन तटांचे भांडण तर चित्रपटाच्या जन्माच्याही आधीचे आहे. इंग्लंडात होरेस वॉल्पोल याने १७६४ साली ओट्रँटोच्या किल्ल्याची कादंबरी लिहिली. तीत भुते खरीखुरी होती. पुढे तीस वर्षांनी, १७९४ साली, अॅन रॅडक्लिफ या लेखिकेने युडोल्फोच्या गढीची कथा लिहिली. तीत वाचकाला थरकाप उडवणाऱ्या साऱ्या गोष्टींचा उलगडा अखेरीस साध्या मानवी कारणांनी होतो. एका वाटेने गेल्यास भूत असते, दुसऱ्या वाटेने गेल्यास नसते. मात्र दोन्ही वाटांवर घर मात्र एकच असते. ते मोठे असते, जुने असते, आणि त्याच्या मालकीविषयी काही तरी गोलमाल झालेला असतो. ओट्रँटोचा किल्लाही मूळच्या धन्याकडून बळकावलेलाच होता. झोपडीला भुताने झपाटल्याची कादंबरी त्या काळी कोणी लिहिली नाही. भूत राहते ते मालमत्ता असलेल्या घरात.

ही गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे हिंदी चित्रपटात ओसाड महाल नेमका १९४९ सालीच का अवतरला याचा उलगडा होतो. त्या वर्षी ३० मार्चला जयपूर, जोधपूर, बिकानेर, जैसलमेर ही संस्थाने विलीन होऊन बृहद् राजस्थान अस्तित्वात आले. १९५२ साली तेथील जहागिऱ्या सरकारजमा करण्याचा कायदा झाला. संयुक्त प्रांतात जमीनदारी नाहीशी करण्याची तयारी चालू होती. फाळणीमुळे कितीतरी कुटुंबे भरली घरे टाकून निघून गेली होती. अशा वेळी मोठमोठ्या हवेल्यांना कुलुपे लागली, काहींचे लिलाव झाले, काहींच्या छतांवर गवत उगवले. ज्या घरात काल शंभर पाने उठत होती, तेथे आज एक म्हातारा माळी तेवढा उरला. रिकाम्या घराच्या खिडकीत दिवा दिसला की लोक भुताची गोष्ट सांगू लागतात. आणि अशी रिकामी घरे त्या चार-पाच वर्षांत देशभर झाली होती.

बॉम्बे टॉकीजचा ‘महाल’ हा चित्रपट अशाच घरातून सुरू होतो. कमाल अमरोही यांचे ते पहिलेच दिग्दर्शन. अशोककुमार नायक होते. मधुबाला नायिका, वय अवघे सोळा. छायाचित्रण जोसेफ व्हिर्शिंग या जर्मन तंत्रज्ञाचे होते आणि संकलन बिमल रॉय यांचे. वादळी रात्री नायक यमुनाकाठच्या ओसाड महालात येतो. तेथला माळी त्याला जुनी हकीकत सांगतो: ज्याने हा महाल बांधला तो दर मध्यरात्री नावेतून येई, त्याची कामिनी दिवसभर वाट पाही, एका रात्री नाव बुडाली, आणि काही दिवसांनी तीही त्याच पाण्यात गेली. नायक भिंतीवरचे चित्र पाहतो, तो त्यात त्याचाच चेहरा! मग गाण्याचा आवाज येतो, झोपाळा हलतो, एक स्त्री दिसते आणि नाहीशी होते.

या चित्रपटाचे संगीत ज्यांचे, ते खेमचंद प्रकाश राजस्थानातील सुजानगढचे. त्यांचे वडील जयपूर दरबारच्या आश्रयास असलेले गायक. घरातच ध्रुपद आणि कथ्थक. स्वतः खेमचंद दरबारी गायनाची शिदोरी घेऊन कलकत्त्यास गेले आणि तेथून मुंबईस आले. संस्थाने मावळत असताना दरबारातील सूर चित्रपटाच्या आश्रयाला आले, त्याचे हे ठळक उदाहरण होय. ‘आयेगा आनेवाला’ हे गीत त्यांनी वीस वर्षांच्या लता मंगेशकर यांच्याकडून गाऊन घेतले. आवाज दुरून जवळ येत आहे असा भास हवा होता. आजच्यासारखी यंत्रे नव्हती. तेव्हा ध्वनिक्षेपक खोलीच्या मध्यावर ठेवला गेला आणि गायिका दूरच्या कोपऱ्यापासून गात गात, पाऊल पाऊल पुढे सरकत, त्याच्याजवळ येऊन पोचली. भूत म्हणून प्रेक्षकांनी जे ऐकले, ते एका मराठी मुलीचे मोजून टाकलेल्या पावलांनी चालत येणे होते.

निर्मात्यांपैकी सावक वाच्छा यांना ही चाल पसंत नव्हती असे सांगतात. अशोककुमारांना ती आवडली, म्हणून ती राहिली. पुढचा कौल प्रेक्षकांचा होता. चित्रपट त्या वर्षीच्या मोठ्या यशस्वी चित्रपटांत गणला गेला. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट नभोवाणीवर घडली. ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव नव्हते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तेथे चित्रपटातील पात्राचे नाव छापले होते: कामिनी. गीत आकाशवाणीवरून वाजू लागले आणि श्रोत्यांच्या पृच्छा येऊ लागल्या: ही गाते कोण? अखेर ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीकडे विचारणा होऊन गायिकेचे नाव सांगण्यात आले. लता मंगेशकर यांनी ही हकीकत पुढे अनेकदा सांगितली.

या प्रसंगाकडे केवळ एका थोर गायिकेच्या चरित्रातील गंमत म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्यात झपाटलेल्या घराच्या चित्रपटाचे सारे मर्म आले आहे. मुद्रिकेवर भुताचे नाव होते आणि जिवंत स्त्रीचे नव्हते. ज्यांनी गाणे ऐकून केवळ अंगावर काटा आणून घेतला, त्यांना कामिनी हे नाव पुरेसे होते. ज्यांनी पत्र लिहून ‘ही कोण?’ असे विचारले, त्यांनी भुतामागचे माणूस बाहेर आणले. भीती वाटणे हा प्रेक्षकाचा हक्क आहे. नाव विचारणे हे त्याचे शहाणपण आहे.

‘महाल’च्या कथेतही हेच दडले आहे. अखेरीस उघड होते की कामिनीचे भूत नव्हतेच. माळ्याची मुलगी आशा हीच ते सोंग करीत होती. माळ्याच्या मुलीने धन्याच्या मुलावर प्रेम केले तर तिला कोण ओळखणार? भूत होऊनच तिला त्या महालात मानाने वावरता येत होते. आणि दुसरी स्त्री नायकाची पत्नी रंजना. पती रात्रंदिवस एका सावलीच्या मागे आहे, आणि ही हाडामांसाची बायको त्याला दिसत नाही. ती विष घेते आणि मरताना पतीवर खुनाचा आळ घालून जाते. भूत खोटे निघाले म्हणून फसल्याची तक्रार करणाऱ्या प्रेक्षकाने रंजनेकडे पाहिले असते, तर त्या घरात खरोखर काय भयंकर घडत होते ते त्याला दिसले असते.

‘महाल’नंतर ही वाट रूढ झाली. १९६२ सालचा बीरेन नाग यांचा ‘बीस साल बाद’ हा त्या वर्षीचा अत्यंत गर्दी खेचणारा चित्रपट. तेथेही ठाकुराची हवेली आहे, रात्रीचे रडणे आहे. आणि मुळाशी आहे एका ठाकुराने केलेल्या अत्याचारामुळे जीव दिलेल्या मुलीचा सूड. १९६४ साली राज खोसला यांनी ‘वह कौन थी’ काढला. पावसात पांढऱ्या साडीत उभी असलेली साधना आजही लोकांना आठवते. पण तेथेही भुताच्या पडद्याआड वारशाच्या संपत्तीसाठी रचलेला कट होता. म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वीस वर्षांत हिंदी चित्रपटाने भूत दाखवले आणि लगेच नाकारले. धरणे, कारखाने आणि विज्ञानशाळा उभारणाऱ्या त्या काळाला भुताचा थरार हवा होता, भूत नको होते. दुसऱ्या तटाला शेवट पटत नसे, पण तिकिटाच्या खिडकीवर तोही रांगेत उभा असे.

मराठीत ही परंपरा १९७६ साली वसंत जोगळेकर यांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या चित्रपटाने रुजवली. आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर यांच्या भूमिका, हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आणि सुधीर मोघे यांची गीते. त्यांतल्या एका गीताचे शब्द इतके घरोघर झाले की चाळीस वर्षांनी, २०१६ साली, कोकणातल्या एका वाड्यात घडणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकेला तेच नाव देण्यात आले: ‘रात्रीस खेळ चाले’. सावंतवाडीजवळच्या आकेरीत तिचे चित्रीकरण झाले. मालिका घरोघर पाहिली गेली, आणि त्याच वेळी काही कोकणवासीयांनी आक्षेप घेतला की हिच्यामुळे कोकण म्हणजे भुताखेतांचा मुलूख अशी बदनामी होते. हा तिसऱ्या तटाचा आवाज होय. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्याकडे पुढे यावयाचे आहे.

मध्यंतरी वाट बदललेली होती. रामसे बंधूंच्या चित्रपटांनी, विशेषतः १९८४ सालच्या ‘पुराना मंदिर’ने, भूत खरे करून टाकले. समीक्षकांनी नाके मुरडली. लहान गावांतल्या चित्रपटगृहांतून मात्र खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत. त्या प्रेक्षकाला अखेरचे स्पष्टीकरण नको होते. त्याने वॉल्पोलची वाट पसंत केली होती, एवढेच.

या दोन वाटा पुन्हा एकत्र आल्या त्या चौमूच्या हवेलीत. ‘भूलभुलैया’ची कथा मूळ केरळची. फाझिल यांचा ‘मणिचित्रताळ्’ हा मल्याळी चित्रपट १९९३ साली आला. त्यातील भूमिकेसाठी शोभना यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. मधू मुट्टम यांच्या या कथेला अलप्पुळा जिल्ह्यातील एका जुन्या घराण्यातील शोकांतिकेचा आधार होता असे सांगितले जाते. पुढे ती कन्नडमध्ये, तमिळमध्ये, बंगालीत आणि हिंदीत गेली. भाषा बदलली, राजवाडा बदलला, नर्तकीचे नाव बदलले. कुलूपबंद खोली आणि तीत अडकलेली स्त्री मात्र कायम राहिली. राजाने परक्या प्रांतातून आणलेली नर्तकी, तिचा प्रियकर, आणि राजाच्या हातून झालेला घात, ही ती मूळ हकीकत. आणि वर्तमानकाळात, त्याच घरात सून म्हणून आलेली अवनी ही हकीकत इतकी मनाला लावून घेते की स्वतःला मंजुलिकाच समजू लागते. मांत्रिक येतो, पण उपाय मनोविकारतज्ज्ञ करतो.

विद्या बालन यांच्या अवनीने प्रेक्षकांना भीती वाटवली, आणि अखेरीस तिच्याविषयी कळवळाही उत्पन्न केला. घरातल्या कोणी तिला चेटकीण ठरवून हाकलले नाही, हे त्या चित्रपटाचे मोठेपण. वैद्यकाच्या दृष्टीने तिच्या आजाराचे चित्र ढोबळ होते, हे खरे. परंतु ‘हिला भूत लागले आहे’ या वाक्याच्या जागी ‘ही आजारी आहे’ हे वाक्य कोट्यवधी प्रेक्षकांसमोर उच्चारले गेले. गमतीची गोष्ट अशी की २०२२ साली या चित्रपटाचा दुसरा भाग आला, त्यात मंजुलिकेचे भूत खरे निघाले, आणि प्रेक्षकांनी तोही तितकाच उचलून धरला. पंधरा वर्षांत प्रेक्षकांनी आजारालाही टाळ्या दिल्या आणि भुतालाही. यावरून प्रेक्षक अडाणी ठरत नाही. चित्रपटगृहाच्या अंधारात तो भुतावर विश्वास ठेवत नसतो. अडीच तासांपुरता तो विश्वास उसना घेतो.

प्रेक्षकांचा कौल कालांतराने कसा फिरतो याचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्राच्या भूमीवरचा आहे. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीच्या नावातून गावाचे नाव उचललेले, नारायण धारप यांच्या भयकथांची प्रेरणा, आणि सासवडचा पुरंदरे वाडा चित्रीकरणाला. व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षकांच्या सप्ताहाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला होता. तरीही पहिल्या प्रदर्शनात त्याला माफकच प्रेक्षक लाभला. पण पाहणाऱ्यांनी न पाहिलेल्यांना सांगितले, त्यांनी आणखी दहाजणांना सांगितले. आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी तोच चित्रपट पुन्हा लागला, तेव्हा त्याने मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक कमाई केली. सहा वर्षांपूर्वीचा निकाल प्रेक्षकांनी स्वतःच फिरवला.

असे का झाले? ‘तुंबाड’ १९१८ ते १९४७ या काळात घडतो. वाड्यात गाडलेले सोने, त्याच्या पोटी आलेला हव्यास, बापाकडून लेकाकडे जाणारा तोच वारसा, आणि अखेरीस स्वातंत्र्यानंतर वाडा सरकारजमा होण्याची वेळ. म्हणजे ‘महाल’ ज्या वर्षांत घडला आणि ज्या कारणाने देशातल्या हवेल्या ओस पडल्या, तोच काळ आणि तेच कारण. प्रेक्षकांनी या वेळी भूत खरे की खोटे हा प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी म्हटले, भूत हव्यासाचे आहे. पण त्या चित्रपटात साखळदंडाने जखडलेली एक म्हातारी आहे. घरातली मुले तिला भितात, मोठी माणसे तिच्या तोंडून सोन्याचा पत्ता काढू पाहतात. तिला स्वतःला काय भोगावे लागले, हे विचारावयास कोणी थांबत नाही. तिचे नावही प्रेक्षकाला ठाऊक होत नाही.

येथे चित्रपटगृहाचे दार उघडते आणि बाहेरचा उजेड डोळ्यांवर येतो. साखळीने बांधलेली म्हातारी केवळ पडद्यावर नसते. ज्या राजस्थानात चौमूची हवेली आहे, त्याच राजस्थानच्या विधानसभेला २०१५ साली डायन ठरवून स्त्रियांचा छळ करण्यास प्रतिबंध करणारा कायदा करावा लागला. त्याआधी दोन वर्षे, २०१३ साली, महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच वर्षी २० ऑगस्टला, त्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली होती. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडाने वा साखळीने बांधून ठेवणे आणि मारहाण करणे हा या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. डायन ठरवली जाते ती बहुधा विधवा, एकटी, म्हातारी, आणि पुष्कळदा तिच्या नावावर एखादा जमिनीचा तुकडा असतो. ओट्रँटोच्या किल्ल्यात आणि ठाकुराच्या हवेलीत जो मालकीचा गोलमाल होता, तोच येथेही असतो. फक्त घर लहान असते.

म्हणून तिसऱ्या तटाची तक्रार पुसून टाकता येत नाही. मात्र तिचा रोख थोडा बदलावा लागेल. झपाटलेल्या घराचा चित्रपट भूत दाखवतो म्हणून वाईट ठरत नाही, आणि शेवटी भूत नाकारतो म्हणून चांगलाही ठरत नाही. अखेरीस विचारावयाचे एवढेच की प्रेक्षक घरी जाताना त्या घरातल्या स्त्रीला भीत गेला, की तिच्यासाठी हळहळत गेला. कामिनीच्या सोंगाआड आशा दिसली, मंजुलिकेच्या आड अवनी दिसली, तर त्या प्रेक्षकाच्या गावात उद्या एखाद्या म्हातारीकडे बोट दाखवले गेले असता तो निदान एकदा तरी थांबून विचारील की ही कोण, हिचे नाव काय, आणि हिची जमीन कोणाला हवी आहे.

१९४९ साली नभोवाणीकडे पृच्छा करणाऱ्या श्रोत्यांपुढे असला कोणताही मोठा हेतू नव्हता. त्यांनी एक आवाज ऐकला; भुताच्या नावावर त्यांचे समाधान झाले नाही, म्हणून त्यांनी माणसाचे नाव विचारले. ते नाव त्यांना सांगण्यात आले, आणि पुढची सत्तर वर्षे ते देशाच्या ओठांवर राहिले.